चार चुलींची आक्का

आक्का कुणाच्याही स्वयंपाकघरात विचारल्याशिवाय पाऊल टाकत नसे. घरं सगळी तिच्या सख्ख्या भावांची. हदगावच्या अलीकडे आमचं गाव, तिथं रानाच्या कडेला ओळीनं चार पत्र्याची घरं. तरी ही बाई दारात उभी राहून "येऊ का गं?" म्हणायची आणि आतून "या" आल्याशिवाय उंबरा ओलांडायची नाही. माझी आई वैतागायची. "आक्का, तुमचंच घर हाय की. इचारता काहून?" त्यावर आक्काचं उत्तर ठरलेलं. "घर माझं हाय गं. चूल तुझी हाय."

ती माझी आत्या, पण सगळं गाव आक्का म्हणायचं म्हणून आम्हीही आक्काच म्हणायचो. मी नांदेडला एका कॉलेजात राज्यशास्त्र शिकवतो. किती वर्षं झाली ते मोजायचं सोडून दिलंय. दरसाल संघराज्याचा धडा येतो. वर्गात सहा-सात टाळकी, त्यातली दोन मोबाइलमध्ये. "सर, परीक्षेला काय येणार तेवढं सांगा." मी सांगतो. संघसूची, राज्यसूची, समवर्ती सूची, आणि कुठल्याच सूचीत न बसलेल्या बाबींचे शेषाधिकार. फळ्यावर हात आपोआप चालतो, डोकं लागत नाही. पूर्वी समजावून सांगायचा उत्साह होता, आता घसा बसतो. पण खरं सांगतो, हे सगळं मी पुस्तकातून शिकलो नाही. आमच्या घरी ते आधीच लागू होतं आणि ते करणारी बाई अंगठाबहाद्दर नव्हती एवढंच, सहीपुरतं लिहायची.

त्याचं असं झालं. आजोबा गेले आणि वर्षाच्या आत चारही भावांचं फाटलं. रान चौघांत वाटता येत होतं, विहीर वाटता येईना. ती नेमकी तीन नंबरच्या काकांच्या वाट्यात आली आणि त्यांनी तिला काटेरी कुंपण घालायची भाषा सुरू केली. माझे वडील थोरले, ते म्हणाले, घालून बघ. दुसरी विहीर खोदायची ऐपत एकाचीही नव्हती आणि एका चुलीवर जेवायची तयारीही एकाची नव्हती. एकत्र राहायचंय पण एकजीव व्हायचं नाही, अशी गत झाली की संघराज्य जन्माला येतं, असं मी वर्गात सांगतो. पोरं लिहून घेतात.

आक्का तेव्हा नवऱ्याचं घर सोडून परत आलेली होती. त्यानं दुसरी आणली होती, त्या गोष्टीवर ती कधी बोलली नाही. चौघं भाऊ एकमेकांचं ऐकत नव्हते, पण तिचं ऐकायला तयार झाले, कारण तिला वाटा नव्हता. तिनं न मागता हक्कसोडावर सही करून दिली होती. जिला काहीच मिळणार नाही ती कुणाच्या बाजूनं कशाला बोलेल, असा चौघांचा हिशेब. तिनं त्यांना विहिरीच्या काठावर बसवलं आणि सांगितलं: काय शिजवायचं, रानात काय पेरायचं, लेकरं कोणत्या शाळेत घालायची, ते ज्याचं त्यानं बघायचं, त्यात बाकीच्यांनी तोंड घालायचं नाही. विहीर, गाडीवाट आणि देवीची पूजा सगळ्यांची मिळून. लेकीबाळींची लग्नं दोन्हीकडची, म्हणजे ठरवायचं घरानं, पण चौघांना पटलं नाही तर चौघांचं खरं. धाकट्या काकांनी विचारलं, "अन् ह्यात जे आलंच न्हाई ते?" आक्का म्हणाली, "ते माझ्यावर सोडा."

आणि तिची स्वतःची सोय? चार चुली, एकेक महिना. अमावास्या झाली की ती आपलं ताट आणि पांघरूण घेऊन पुढच्या घरी जायची. अधिक महिना आला की जावाजावांत बोलाचाली व्हायची, हा तेरावा कुणाच्या गळ्यात. मग आक्कानं त्यावरही तोड काढली: त्या महिन्यात एका घरची भाकर, एका घरचं कालवण, एकीकडून ताक, एकीकडून ठेचा. "लई चंगळ हाय माझी," म्हणून हसायची. लहानपणी आम्हा पोरांना त्या महिन्यात तिच्या ताटावर बसायची फार हौस.

तिची सत्ता मी एकदाच पुरती पाहिली. एका उन्हाळ्यात विहिरीनं तळ गाठला. विहिरीवर चौघांच्या चार मोटारी. आक्का सकाळी प्रत्येकाच्या दारात गेली, नेहमीसारखं विचारलं, आत गेली, आणि स्टार्टरच्या पेटीची किल्ली मागून घेतली. माणसं आणि जनावरं एवढ्यांनाच पाणी. पिकाला थेंब नाही. धाकट्या काकांची हळद त्यांच्या डोळ्यांदेखत वाळली. ते शिव्या देत फिरले, रडलेही, पण किल्ली मागायला गेले नाहीत. पुढे विहिरीला पाणी आलं त्या दिवशी आक्का जेवायलासुद्धा थांबली नाही, चारही घरी फिरून किल्ल्या ज्याच्या त्याला देऊन आली. आई म्हणाली, दुसऱ्या दिवशी सकाळी दिल्या असत्या तर काय बिघडलं असतं. "घ्यायला जेवढी घाई केली तेवढी द्यायला करावं, न्हाईतर हाताला सवय लागती," आक्का म्हणाली. आणीबाणी शिकवताना मला हेच आठवतं, पण पोरांना सांगत नाही. परीक्षेत येत नाही ते.

मग भावांची पोरं मोठी झाली. माझे वडील गेले. तीन नंबरच्या काकांच्या पोरानं विहिरीपासून हाकेवर बोअर पाडायचं काढलं, त्यावरून धाकट्या काकांशी गचांडी धरायची वेळ आली. तेव्हा सगळ्यांच्या मनानं घेतलं की आता कागद व्हायला पाहिजे. आणि कागद करणार कोण, तर मी. "तू हेच शिकवून राहिलास ना एवढी वर्षं? मंग लिव्ह की."

मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. जन्मात पहिल्यांदा माझ्या विषयाचा कुणाला उपयोग होत होता. दिवाळीच्या सुट्टीत चार दिवस बसून मी तो मसुदा केला. विहीर, मोटारींच्या पाळ्या, बोअर किती अंतरावर, गाडीवाट किती रुंद, बांधावरच्या आंब्याचा उतार कसा वाटायचा, सगळं आलं. आणि जे यात लिहिलेलं नाही ते चारही घरं बहुमतानं ठरवतील, असं शेवटचं कलम घातलं. एका माणसाच्या मर्जीवर काही ठेवू नये, हेच तर मी शिकवत आलो होतो. मी सगळ्यांसमोर वाचून दाखवलं. आक्का शांतपणे ऐकत होती. चारही घरांनी सह्या केल्या आणि तिनं साक्षीदार म्हणून केली, एकेक अक्षर कोरत. "लई चांगलं लिवलास," म्हणाली.

त्यानंतर तिच्याकडे कुणी काही विचारायला जाईना. भांडण झालं की पोरं मोबाइलमधला कागदाचा फोटो काढून बघायची. मी मनात म्हटलं, हेच व्हायला हवं होतं. पुढच्या वर्षी आईच्या गुडघ्यांनी जीव घेतला म्हणून तिला नांदेडला आणलं. घराला कुलूप लावलं, रान धाकट्या काकांना बटईनं दिलं.

सोयाबीनच्या वेळी एका शनिवारी न सांगता गावी गेलो. आमच्या घराला कुलूप, आणि बाहेर ओसरीवर तीन विटांची चूल. मी रंगवलेली भिंत धुरानं काळी झालेली. आक्का तिथं बसून भाकर थापत होती.

"आक्का, हे काय करून राहिलीस?"

"तुमचा महिना हाय की," ती म्हणाली. "म्हणून तुमच्याच वसरीवर मांडली."

मी धाकट्या काकूंकडे गेलो, जरा तावातच गेलो. काकू म्हणाल्या, "दोनदा बोलावलं बाबा. दुसऱ्याच्या महिन्यात येत न्हाई म्हणत्या. काय करावं?" त्यांचा पोरगा सरळपणे बोलला, त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. "दादा, तुमचं घर बंद झाल्यावर त्यांच्या पाळीचं काय, ते कागदात काहीच न्हाई."

मी फोनवर कागद उघडला. ओळ न् ओळ वाचली. आंब्याचा उतार होता. विहिरीवरच्या लिंबाच्या फांद्या कुणी छाटायच्या ते होतं. आक्काच्या जेवणाचं नव्हतं. तिथं उभ्या उभ्या मला स्वतःची इतकी लाज वाटली की काकूंनी केलेला चहा तसाच ठेवून निघालो.

परत येऊन म्हटलं, "आक्का, मी दुरुस्ती करतो. एक कलम वाढवतो, परत सगळ्यांच्या सह्या घेतो." तिनं तव्यावरची भाकर उलटली. "मला खाऊ घालायला कागद लागत असल, तर ऱ्हाऊ दे." मग म्हटलं, चल नांदेडला, माझ्याबरोबर. तर म्हणे, "तुझ्या बायकोला इचारलंस?" विचारलं नव्हतं. तिच्यासमोरच फोन लावला. बायको म्हणाली, आणा की, विचारायचं काय त्यात.

आक्का आली आणि अमावास्येपर्यंत राहिली. बायको, आई आणि ती, तिघी भाज्या निवडत बसायच्या. तिसऱ्या मजल्यावर तिला करमायचं नाही, पण कुरकुर नाही. अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी ताट, पांघरूण बांधून तयार. मी राहा म्हटलं, आई राहा म्हणाली. ऐकते कुठली.

पुढची आमची पाळी यायच्या आतच ती गेली, दोन नंबरच्या काकांच्या महिन्यात, झोपेत. त्रास झाला नाही म्हणतात. आता त्या रानात तीन बोअर आहेत, विहिरीत कुणी डोकावत नाही, आणि कागद माझ्या कपाटात पडून आहे. मी अजून तोच धडा शिकवतो. पगार मिळतो म्हणून शिकवतो.

ती नांदेडहून परत निघाली त्या दिवशी तिला सोडायला बसस्टँडवर गेलो होतो. हदगावची गाडी लागायला वेळ होता. बाकावर बसलो होतो आणि मला राहवलं नाही. म्हटलं, "आक्का, मी वाचून दाखवलं तेव्हाच तुझ्या ध्यानात आलं असल ना? की तुझं काहीच लिहिलेलं नाही?"

"हाव. आलं होतं की."

"मग तेव्हाच बोलली काहून न्हाईस?"

तिनं पांघरुणाची गाठ उगीच सोडून पुन्हा बांधली.

"मला वाटलं, तुला आठवंल."

मला आठवलं नव्हतं.