न सरणारं खोकं

कोरोनानंतर आमच्या चर्चमधले काचेचे पेले बंद करायचा ठराव मीच मांडला. मी कमिटीचा सेक्रेटरी. ठराव मांडायचा आणि आडव्या येणाऱ्यावर डाफरायचं, एवढंच मला बरं जमतं. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजनाला द्राक्षरस देतात, ते अंगठ्याएवढे पेले कपाटात गेले आणि मी गुलमंडीच्या बाजारातून प्लास्टिकच्या पेल्यांचं भलं मोठं खोकं आणलं. वापरा आणि फेका. इतकी वर्षं पेले धूत कोण होतं, हे ना कुणी विचारलं, ना मला आठवलं.

खोकं चार महिन्यांत संपायला हवं होतं. वर्ष झालं तरी भरलेलंच! पाळकसाहेब हरखून गेले. बायबलात दुष्काळात एका विधवेच्या मडक्यातलं पीठ सरत नाही, तसंच हे, म्हणत त्यांनी अख्खा उपदेश त्या खोक्यावर केला. मंडळीनं हालेलुया म्हटलं. मी जरा जास्तच मोठ्यानं म्हटलं, कारण खोकं मी आणलं होतं.

पण पेले हळूहळू वाकडे व्हायला लागले. एक माझ्याच पांढऱ्या शर्टावर सांडला आणि माझं टाळकं सटकलं. दुसऱ्या दिवशी तडक गुलमंडी गाठली.

"भंगार माल गळ्यात मारता व्हय!"

दुकानदारानं पेला उजेडात धरला आणि शांतपणे म्हणाला, "चाचा, ये नवा नैं है. गरम पानी से धोया है किसीने. कित्ते बार, अल्ला जाने."

हे प्रभू! म्हणजे वर्षभर आम्ही...?

पुढच्या प्रभुभोजनानंतर मी चर्चच्या मागं दबा धरून बसलो. थोड्या वेळानं एक म्हातारी मावशी कचऱ्याची पिशवी आणि वाफाळती बादली घेऊन आली. मूळची पाचोडची, कायम शेवटच्या बाकावर बसणारी. एकेक पेला काढून धुवायला लागली. धुताना ओठ हलत होते.

"मावशी, ते फेकायचे असतात!" मी ओरडलोच.

"प्रभूच्या मेजावरचे पेले कचऱ्यात? जिभेला काही हाड, भाऊ? तीनदा गरम पाण्यातून काढते, उन्हात वाळवते, मगच खोक्यात ठेवते. उष्टे नायत."

"पण ठराव झालाय!"

तिचे हात थांबले. "कुणाला गाता येतं, कुणाला बोलता येतं. मला वाचता बी येत नाय. तीस वर्षं येवढंच करते. एकेक पेला धुताना एकेका माणसासाठी प्रभूजवळ मागते. हे बी काढून घेतलं, तर मी इथं येऊन करू काय?"

मला इतकी लाज वाटली, की डाफरायचं राहूनच गेलं. "काचेचे परत काढू," म्हणालो आणि तिला घेऊन कपाटाशी गेलो. वर्षाची धूळ बसली असणार म्हणून आधी नाकाला रुमाल लावला.

पेले लखलखत होते. खाली परीटघडीचं पांढरं कापड.

"हे कधी धुतले?"

"दर शनवारी. आज ना उद्या तुम्ही काढणार, ठावं व्हतं."

"मग वर्षभर मला बोलला का नाहीत?"

"लई चिडता तुम्ही," मावशी म्हणाली. "तुमच्या नावानं तर मी दोन पेले धुते."