बिनसहीचा इंडेंट

किस्से जमवावे लागत नाहीत. आमच्या कॉम्प्युटर रूमच्या एसीखाली एक बादली असायची. सकाळी रिकामी केली की संध्याकाळी भरलेली. किस्स्यांचंही तसंच. कोणी मुद्दाम काही करत नसे, तरी साचत. मैत्रिणी जमल्या की म्हणतात, "ए, ते इंडेंटचं सांग ना!" मी सांगायला लागते, त्या हसायला लागतात, आणि मध्येच कुठेतरी माझे कान गरम होतात. आज शेवटपर्यंत सांगते. लाज वाटेल तर वाटू दे.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. सौसरजवळ बोरगावला पोत्यांचा एक कारखाना होता. तिथे एक कॉम्प्युटर आला, कॉम्प्युटरसाठी एसी आला, आणि त्या दोघांची देखभाल करायला दोन माणसं आली: भोयर सर आणि मी, मेश्राम. दोघंही पांढुर्ण्याचे. सर नागपूरला कोर्स करून आलेले, मी बी.कॉम. आणि टायपिंग पास. सौसरला मामाकडे राहून बसनं जायचे. सर पास्कल नावाच्या भाषेत कागदावर प्रोग्राम लिहीत, आणि मी तो मशीनमध्ये टाइप करी. पहिलंच काम मिळालं ते स्टोअरचं. कोणता माल किती आहे, कोणी नेला, हे सगळं पुढे मशीननं सांगायचं होतं.

*

टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये एक गोष्ट माझ्या हाडात भिनवलेली: नजर कागदावर, बोटं की-बोर्डवर, आणि कागदावर ओळ जेवढी आत दिसते तेवढी जागा सोडायचीच. सरांच्या कागदावर बऱ्याच ओळी आत सरकवलेल्या असत, कशाच्या पोटात काय आहे ते कळावं म्हणून. मी इमानदारीत मोजून स्पेस मारत होते.

मला कोणी सांगितलंच नव्हतं की मशीनमधला एडिटर, म्हणजे ज्यात टाइप करायचं तो प्रोग्राम, ते काम स्वतःच करतो. एंटर दाबलं की कर्सर मार्जिनला येत नाही, वरच्या ओळीच्या बरोबर खाली उभा राहतो. झालं! त्याची जागा अधिक माझी जागा, पुन्हा त्याची, पुन्हा माझी. प्रत्येक ओळ आधीच्या ओळीच्या उजवीकडे. स्क्रीनच्या बाहेर गेली तरी मी कागदात बघून टाइप करतेच आहे.

प्रिंट काढली तेव्हा अख्खा प्रोग्राम पानावर तिरपा उतरला होता आणि उजव्या कडेला जाऊन गायब झाला होता. मॅनेजर साहेब नेमके तिथेच उभे. सर म्हणाले, "मेश्राम बाई, तिगावचा घाट हाय काय हा? आता मागून दुसरं इंजिन लावा लागते."

मॅनेजर साहेब बाहेरचे, त्यांना आमच्या पांढुर्ण्याजवळचा तो रेल्वेचा चढ माहीत नव्हता. मग सरांनी तो त्यांना हिंदीत नीट समजावून सांगितला. लाज एकदा वाटली असती तरी पुरे होतं, मला ती दोन भाषांत वाटली.

*

मॅनेजर साहेबांना त्या आत सरकलेल्या ओळी पहिल्यापासून खुपत. एकदा प्रिंट हातात घेऊन त्यांनी डाव्या बाजूच्या कोऱ्या जागेवर बोट फिरवलं. "इतनी जगह खाली क्यों छोड़ी है?"

सर म्हणाले, "साहब, पढ़ने में आसान होता है."

"पढ़ने के लिए ऑफिस में अखबार आता है."

 सरांनी रागारागानं बसून सगळ्या ओळी ओढून डावीकडे आणल्या, भिंतीला टेकवल्यासारख्या. पुढच्या आठवड्यात प्रोग्राम अडला. कुठलं 'बिगिन' कुठल्या 'एंड'चं आहे, हे शोधत आम्ही दोघं दिवसभर बसलो, आणि ते सापडेना. शेवटी सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि मला अगदी हळू आवाजात म्हणाले, "बाई, तेवढी जागा वापस द्या." मॅनेजर साहेब टूरवर जाईपर्यंत आम्ही थांबलो, मग दिली.

*

आता सर म्हणजे काही कमी नव्हते. कारखान्याच्या सुरक्षा कमिटीची नावं नोटीस बोर्डावर लावायची होती. टाइपरायटर बिघडलेला, म्हणून सर ऐटीत म्हणाले, मशीनवर काढून देतो. वरती मॅनेजर साहेबांचं नाव. त्याच्या खाली दोन स्पेस मारून फोरमन. एंटर दाबलं, कर्सर फोरमनच्या खाली. सरांनी सवयीनं आणखी दोन स्पेस मारून एका ज्युनिअर फिटरचं नाव टाकलं. त्याच्याही आत गेला सगळ्यात जुना फिटर.

जेवणाच्या सुट्टीत तो जुना फिटर नोटीस बोर्डावरून कागद उपटून घेऊन आला. मागे दहाबारा माणसं. त्यानं कागद सरांसमोर धरला आणि स्वतःच्या नावावर बोट ठेवलं. "मले या पोट्ट्याच्या पोटात काहून टाकलं?"

सर त्याला सांगत होते, हा मशीनचा स्वभाव आहे. तो म्हणाला, मशीनचा स्वभाव तुम्ही घरी ठेवा. मी नवीन प्रिंट काढून दिली, सगळे एका रांगेत. मग फोरमन चिडला.

*

आता खंडाते काकाजी. काकाजी म्हणजे आमचे स्टोअरकीपर, कारखाना सुरू झाला तेव्हापासूनचे. कोणाला नट पाहिजे, ग्रीस पाहिजे, पट्टा पाहिजे, तर चिठ्ठी भरायची, काकाजींची सही घ्यायची, तेव्हा माल. मॅनेजर साहेबांनाही त्यातून सूट नव्हती. त्या चिठ्ठीला सगळा कारखाना इंडेंट म्हणे. सरांच्या कागदांवर तिचं नाव 'इश्यू' होतं, त्यामुळे इंडेंट हा शब्द मी नवी असताना फक्त एकाच ठिकाणी पाहिला होता: आमच्या एडिटरच्या सगळ्यात वरच्या ओळीत. ओळ आपोआप आत घ्यायची सोय चालू असली की तिथे तो शब्द दिसायचा.

काकाजी मालाची यादी द्यायला आले. चपला बाहेर काढल्या, माझ्या मागे उभे राहिले, आणि ती वरची ओळ त्यांनी वाचली.

"पोरी, हे मशीन इंडेंट टाकते काय वं?"

मला आनंद झाला. इतक्या दिवसांत आमच्या कामाबद्दल कोणी विचारलेलं नव्हतं! मी म्हणाले, "हो काकाजी. आपोआपच टाकते."

"अन् सही?"

आपल्याकडे अर्धी हिंदी, अर्धी मराठी. मला वाटलं ते विचारतायत, बरोबर टाकते का? मी म्हणाले, "एकदम सही. एंटर मारला का झालं."

 काकाजी यादी ठेवून गेले.

*

दुसऱ्या दिवशी सौसरहून बस भरलेली होती. काकाजी खिडकीजवळ बसलेले. मला पाहिल्याबरोबर उठून उभे राहिले. "बसा मॅडम."

मी मागे वळून पाहिलं, कोण मॅडम चढली म्हणून. मग कळलं की ती मीच. नको नको म्हणत होते, तर म्हणाले, "बसा तुमी. आता दिवस तुमचेच हायेत." माझ्या बाबांच्या वयाचा माणूस बोरगावपर्यंत दांडा धरून उभा राहिला आणि मी खाली मान घालून बसले.

हळूहळू बातम्या येऊ लागल्या. काकाजी शनिवारी जामसांवलीला जाऊन आले, खुर्ची राहू दे म्हणून मारुतीला साकडं घातलं. प्रसाद कॉम्प्युटर रूममध्येही आणून दिला, मशीनसाठी वेगळी पुडी. सौसरच्या कापसाच्या जिनिंगमध्ये विचारून आले, कारकून पाहिजे काय. लोक हे सगळं हसत हसत सांगत.

सुट्टीत पांढुर्ण्याला गेले तेव्हा मीही घरी हसत सांगायला घेतलं. बाबा नगरपालिकेत नोकरीला होते. ते हसले नाहीत. "त्या माणसानं तुले मॅडम म्हणलं अन् तू बसून राहिली?" एवढंच विचारलं. मला कोणीतरी मॅडम म्हणावं म्हणून ह्याच बाबांनी मला शिकवलं होतं, आणि त्या दिवशी त्यांनी माझ्याकडे बघायचंही टाळलं.

*

शब्दाचा घोटाळा सरांनीच उलगडला. हसून हसून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मी मात्र तशीच उठून स्टोअरमध्ये गेले आणि काकाजींना सगळं समजावलं. तो इंडेंट वेगळा, हा वेगळा. तिथे चिठ्ठी नाही, माल नाही, फक्त ओळ कुठून सुरू करायची ते मशीन बघतं.

काकाजींनी शांतपणे ऐकून घेतलं. "समजलं मॅडम. म्हणजे वळ कुठून सुरू कराची, तेबी आता मशीनच सांगते."

त्यांना वाटलं मी समजूत काढते आहे. मी म्हणाले, घाबरू नका काकाजी, तुमच्या कामाशी त्या शब्दाचा काही संबंध नाही.

त्या शब्दाचा नव्हताच. हे बोलून मी परत आले, एंटर दाबलं, आणि त्या शब्दाच्या खाली स्टोअरचा प्रोग्राम पुढे टाइप करायला लागले. त्या दिवशी माझी मलाच इतकी शरम वाटली की सरांनी दोनदा हाक मारली तरी ऐकू आली नाही.

*

प्रोग्राम तयार झाला. हेड ऑफिसचे मोठे साहेब बघायला आले. कॉम्प्युटर रूमच्या बाहेर बुटांची रांग, आत मोजे घातलेली मोठी माणसं. काकाजींनाही बोलावलं होतं. सरांनी सगळं दाखवलं: माल आला, माल गेला, शिल्लक इतकी. मोठे साहेब खूश. त्यांनी काकाजींना विचारलं, मशीन कैसी लगी?

काकाजी हात बांधून म्हणाले, "मशीन अच्छी है साब. पर इंडेंट डालती है, तो माल लेने कोई आता नहीं. मैं रोज राह देखता हूँ."

आधी कोणाला काही कळलं नाही. मग मॅनेजर साहेबांनी सगळा किस्सा सांगितला, आणि खोली हसायला लागली. मोठे साहेब हसता हसता खोकायला लागले, कोणीतरी पाणी आणलं. सगळे हसतायत म्हणून काकाजीही हसले. मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं होतं.

पाणी पिऊन झाल्यावर मोठ्या साहेबांनी सरांना विचारलं, स्टोअर में अब कितने आदमी लगेंगे? सरांनी माझ्याकडे पाहिलं, मी की-बोर्डकडे. सर म्हणाले, "एक हेल्पर, साहब."

*

काकाजींना गेटवर टाकलं. आलेले-गेलेले ट्रक लिहायचे. पगार तोच आहे ना, असं सगळे एकमेकांना सांगत होते. स्टोअरमध्ये हेल्पर राहिला. आमच्या प्रिंटरमधून चिठ्ठी निघाली की तो माल काढून देई.

काही दिवसांनी, दुपारी, काकाजी चपला काढून आत आले. सर जेवायला गेलेले, मी एकटीच. मी घाईनं उठून सरांची खुर्ची पुढे केली. "बसा ना काकाजी."

"बसाचं म्हनूनच आलो. तिकडं गेटवर दिवसभर उभं राहा लागते. एका स्टुलाचा इंडेंट टाकाचा हाय."

मी टाइप केलं. खातं गेट, वस्तू स्टूल, नग एक. प्रिंटर करकरला आणि चिठ्ठी बाहेर आली. सरांनी ती जुन्या चिठ्ठीबरहुकूम बनवली होती, त्यामुळे खाली दोन रेघा तशाच राहून गेल्या होत्या. एक मागणाऱ्याची, एक स्टोअरकीपरची.

काकाजींनी खिशातून पेन काढला आणि पहिल्या रेघेवर सही केली. मग पेन तसाच हातात धरून त्यांनी चिठ्ठी पुन्हा वरपासून वाचली. खात्यावर बोट ठेवलं, वस्तूवर ठेवलं, नगावर ठेवलं. आणि दुसऱ्या रेघेवर तीच सही केली.

"घे पोरी," ते म्हणाले. "मंजूर हाय."