आखाजीचा झोका आणि परतीची रिकामी सीट

सागवानाची फळी, दोन फूट लांब, एक फूट रुंद, कडा घासून गोल केलेल्या, कारण टोकदार कडेत लुगडं अडकतं. अंबाडीच्या वाखाचे दोन दोर, तीन पेडांचे, स्वतः पिळलेले. फांदीत दोर कापला जाऊ नये म्हणून दोन लोखंडी कड्या, घरच्याच भट्टीत वाकवलेल्या. गाडीच्या टपावरचं कॅरियर. आणि एक लाकडी पायरी, नऊ इंच उंच, गुडघे धरलेल्या बाईला गाडीत चढता यावं म्हणून. या प्रवासासाठी एवढ्या वस्तू मी माझ्या हातांनी केल्या. आयटीआयचं दार मी कधी पाहिलेलं नाही. लाकूड, लोखंड आणि हा ब्लॉग, तिन्ही बघून बघून आणि चुकून चुकून शिकलो. तरी माझ्या फळीला रंधा मारायला जागा दाखवणारा सुतार मला अजून भेटायचा आहे.

निमित्त आखाजीचं. अक्षय्य तृतीया बाकीच्या महाराष्ट्रात सोनं घ्यायचा दिवस असेल, आम्हा खान्देशींसाठी ती आखाजी. लग्न झालेल्या लेकी माहेरी येतात, कडुलिंबाला झोके बांधतात, पुरणपोळी आणि आमरस खातात. लेकीला सासरहून आणायला जो भाऊ जातो तो मुराळी. मी चोपन्न वर्षांचा मुराळी. आई-वडील नाहीत, बायको नाशिकला नातवंडात अडकलेली, माझी एकुलती ताई तापीकाठच्या प्रकाशा गावी. दरवर्षी आखाजीला मी गावचं बंद घर उघडतो, ताईला आणतो आणि चार दिवस आम्ही दोघं म्हातारी भावंडं तिथं राहतो. यंदा झोका जुना झाला होता, म्हणून नवा केला.

नाशिकहून पहाटे निघालात तर ऊन चढायच्या आत धुळं मागे टाकता येतं. टोल आहेत, फास्टॅगमध्ये पैसे असू द्या. धुळ्याहून दोंडाईचा, मग सारंगखेड्याला तापीचा पूल, मग शहादा. रस्ता मोठा असला तरी उसाच्या ट्रॉल्यांना मागचे दिवे नसतात, एवढं ध्यानात ठेवा. दोंडाईच्यात नाश्ता करा. भजी मागितली की तळलेल्या मिरच्या न मागता मिळतात, आणि तिथं मिरचीला मिरचीसारखंच वागवा, हिंमत दाखवायला जाऊ नका. माझा नाश्ता चहासकट साठ रुपयांत झाला.

आमचं गाव लोणखेड्याच्या पुढं. दोन खोल्या, वर पत्रा, दारात कडुलिंब. दुपारभर घर झाडलं, पाणी भरलं आणि ऊन उतरल्यावर झोका बांधला. फळीची उंची ताईच्या मापानं धरली. ती बुटकी आहे, त्यात गुडघे वाकत नाहीत, म्हणून नेहमीपेक्षा चार बोटं खालीच. लहानपणी हीच ताई उभ्यानं झोका चढवायची. लिंबाचा पाला पायानं तोडून आणायची आणि खाली उभ्या असलेल्या माझ्या डोक्यावर टाकायची.

शेजारच्या सखूकाकू ओट्यावरून बघत होत्या.

“कोन बसी रे त्यावर?” त्यांनी विचारलं. “पोरी ते आते मोबाईलमाच झुली ऱ्हायन्यात.”

“ताई बसी.”

“बसाड तिले. आनि दोर मजबूत बांध, मीबी एक चक्कर मारसू.”

दुसऱ्या दिवशी प्रकाशाला. शहाद्याहून अर्धा तास पुष्कळ. दोन्ही बाजूंना पपई आणि केळी, मधूनच रिकामी काळी रानं. तापीकाठी देवळं आहेत. घाटावर उतरायचं तर सकाळी दहाच्या आत उतरा, नंतर दगड पाय भाजतात. मी थांबलो नाही. मुराळ्यानं वाटेत रेंगाळायचं नसतं.

ताईचं घर चांगलं आहे. स्लॅब, टाइल्स, दारात ट्रॅक्टर. दाजी जाऊन सहा वर्षं झाली, शेती आता भाचा बघतो, योगेश. ताई ओसरीत खाटेवर बसली होती.

“उना का रे भाऊ?”

मी गाडीतून पायरी काढून तिच्यापुढं ठेवली. तिनं ती उलटसुलट करून पाहिली.

“हाई काय? मन्हा गुडघानी जाहिरात करी लयना का?”

“गाडीत चढाले.”

“पॉलिश ते पहाय इले! पाय ठेवू का पूजा करू?”

हसली, पण पिशवी भरायला उठली नाही. सूनबाईंनी चहा दिला, मुलांच्या खोलीतला कूलर माझ्याकडं तोंड करून ठेवला. सूनबाई वाईट नाही, हे मी आधीच लिहून ठेवतो. संध्याकाळ व्हायला आली तसं मी ताईला म्हणालो, “चाल ना, उजेड शे तवलोंग निंघूत.”

“मी नही येस यंदा.”

मला वाटलं गुडघे. मी म्हणालो, गाडीत मागची सीट आडवी केली आहे, पाय लांब करून बसशील. तिनं मान हलवली. सूनबाई आत गेल्याचं पाहून हळू आवाजात म्हणाली, “मांगना साले मी तुन्हासंगे गई व्हती. परत उनी ते मन्ही खाट मजारनी खोलीमातून आठे ओसरीमा उनी व्हती. नातूनं बारावीनं साल, त्याले खोली पाहिजे. मी काही बोलनी नही. आते चार दिन गई, ते खाट खळामा जाई.”

मजारनी खोली म्हणजे आतली, आणि खळं म्हणजे घरामागची मोकळी जागा. तिथं कडबा, फवारणीचे पंप, ठिबकच्या नळ्यांची वेटोळी आणि एक पत्र्याची शेड.

“असं कसं जाई?” मी म्हणालो. “मी बोलस योगेशसंगे.”

“तू बोलशी आनि निंघी जाशी. मंग?”

तुटलेली, वाकलेली, सैल झालेली वस्तू मला दुरुस्त करता येते. ही वस्तूच नव्हती. मी खाटेकडं पाहत बसलो. नवारीची खाट, उजवीकडचा मागचा पाय डगमगत होता. एक पाचर ठोकली आणि तो पक्का केला. तेवढंच झालं.

रात्री तिथंच मुक्काम. सकाळी आखाजी. ताईनं दाजींच्या नावानं घागर भरली, वर आंबा ठेवला. मग ओसरीच्या कडेला तीन विटांवर खापर मांडलं. खापर म्हणजे उपडं घातलेलं मातीचं मोठं भांडं, त्याच्या पाठीवर पोळी भाजतात. हे बघायला मिळालं तर नीट बघा. पोळपाट-लाटणं नाही. पुरण भरलेला उंडा दोन्ही हातांवर झुलवत झुलवत पसरवायचा, कोपरापर्यंत पोळी आली की एका झटक्यात खापरावर. थोडा उशीर झाला की फाटते, थोडी घाई झाली की जाड राहते. बासष्टाव्या वर्षी ताईची एकही फाटली नाही.

“आत्याबाई, धूर कशाले करतस? गॅस शे ना,” सूनबाई दारातून म्हणाली.

“गॅसवर तू कर. मुराळीले खापरनीच लागस.”

त्याच वेळी अंगणात योगेश सालदार ठरवत होता. आमच्याकडं शेतगड्यांचं साल आखाजीला संपतं आणि आखाजीलाच सुरू होतं. गडी डोंगरातला, धडगावकडचा. हातात पिशवी, नजर जमिनीवर. योगेश शांतपणे, आवाज न चढवता बोलत होता. जेवण कोणाकडं, कपडे किती, आजारी पडला तर काय. एक लाख दहा हजारांवर जमलं. अर्धे उचल, म्हणजे आगाऊ. गड्यानं पैसे मोजले आणि पिशवी नेऊन खळ्यातल्या शेडमध्ये ठेवली. ताई हे सगळं पोळी झुलवता झुलवता बघत होती.

जेवलो. पोळी, आमरस, वरून दूध, सोबत कुरडई. असं जेवण तुम्हाला कुठल्याही हॉटेलात मिळणार नाही, आणि मी तीन पोळ्या खाल्ल्या, चव न लागता.

निघताना ताईनं चार पोळ्या फडक्यात बांधून दिल्या. “झोका कसा झाया?” तिनं विचारलं.

“चांगला झाया.”

“उंच बांधना का?”

“तुन्हा मापना.”

लाकडी पायरी तिनं ठेवून घेतली. खाटेवर बसून पायरीवर दोन्ही पाय ठेवले, म्हणाली, गुडघ्याला बरं वाटतं.

गावी परतलो तेव्हा ऊन कललं होतं. सखूकाकूंनी मागची रिकामी सीट पाहिली आणि झोक्यावर चक्कर मारायला आल्या नाहीत. मी फळीवर बसून पाहिलं. उंची ताईची असल्यामुळं माझे पाय जमिनीला घासत होते. गुडघे पोटाशी घेतले तर तोल जाई. कड्या मात्र जराही वाजल्या नाहीत. काम चोख झालं होतं. मी दोर सोडले, गुंडाळले, टपावर बांधले आणि घराला कुलूप लावलं. चार दिवस राहणार होतो, दुसऱ्या सकाळी नाशिकला होतो.

तुम्हाला आखाजी बघायला जायचं असेल तर जरूर जा. दोन्ही वेळचं डिझेल, टोल, खाणं धरून माझा खर्च सहा हजारांच्या आत झाला. गावात ओळख काढा, खापराच्या पोळीसाठी आदल्या दिवशी सांगून ठेवा, पाण्याच्या बाटल्या जास्त घ्या. झोके कमी दिसतील. जिथं दिसेल तिथं कोण बसलंय ते बघा, आणि कोण आलेलं नाही तेही विचारा.

पोळ्या बायकोनं आणि नातवंडांनी खाल्ल्या. फळी वर्कशॉपच्या भिंतीला टेकून उभी आहे. तिच्यावर भुसा बसायला लागला आहे आणि मी, जो कामाच्या जागी भुशाचा कण ठेवत नाही, तो झटकत नाही.

एक गोष्ट वर लिहिली नाही. प्रकाशाहून निघताना योगेश पपया आणि एक टरबूज गाडीत ठेवायला माझ्यासोबत आला. मला बोलायचं होतं, खाटेबद्दल. वाक्य मनात जुळवून ठेवलं होतं. त्याआधी तोच बोलला, शांतपणे, आवाज न चढवता. “मामा, आई तुमनाकडेच खुश ऱ्हास. तिले कायमनीच लई जा. मी फुकट नही म्हनत.” मागं ओसरीत ताई पायरीवर पाय ठेवून बसली होती. तिला ऐकू गेलं की नाही, मला माहीत नाही. ओसरीतली ती खाट सुटू नये म्हणून तिनं आखाजी सोडली होती. ती खाट मी पैसे घेऊन तिला कशी सोडायला लावणार होतो? मी नाही म्हणालो आणि गाडी सुरू केली.

सालाचे साठ हजार देत होता. अर्धे उचल.