टॉवरवाल्या बाईंचं माप

माझा मामा शिंपी. गिऱ्हाईक आलं की तो आधी खांदे बघतो, तोंड नंतर, तेही वेळ उरला तर. लोकांची नावं त्याच्या लक्षात राहत नाहीत. डावा खांदा उतरलेला मात्र दहा वर्षांनीही आठवतो.

एकदा या सवयीपायी घरात महाभारत झालं. मामीला मापांच्या वहीत नोंद सापडली: 'टॉवरवाल्या बाई. सकाळी सातला आल्या. नवऱ्यापेक्षा थोराड. पाय देखणे.' दुसऱ्या दिवशी सातच्या ठोक्याला मामी त्याच्यामागे गच्चीवर हजर. मामा दुर्बिणीतून विजेच्या टॉवरकडे बघत होता.

"कुठंय ती?"

"घरट्यात. अगं, गरुड आहे. त्यांच्यात मादी थोराड असते."

"आपल्यात वेगळं काय आहे?" म्हणत मामीने दुर्बीण हिसकावली. ती पुन्हा मामाला धड मिळालीच नाही. तो दुकानात गेला की मामी पहाऱ्यावर बसायची आणि वहीत लिहायची. सगळे रकाने भरत गेले. शेवटचा, शिवलेला कपडा गिऱ्हाइकाला दिल्याची तारीख घालायचा 'दिले' हा रकाना तेवढा कोरा.

मग एके दिवशी वीज कंपनीचे साहेब दुकानात येऊन सांगून गेले, की टॉवरवरची घारींची घरटी काढायची परवानगी मिळाली आहे, सोमवारी काढणार. आमच्या घरट्यात तर पिल्लू होतं. मामाची झोप उडाली. त्याने वनखात्याला फोनावर फोन केले, तेव्हा रविवारी एक अधिकारी आले. साहेबही आले. आणि ऐन वेळी मामाची बोबडी वळली.

"घारच ती," साहेब म्हणाले. "आम्ही रोज बघतो."

"बघता, पण शिवण बघत नाही," मामी म्हणाली. "घारीच्या शेपटीला मधे खाच असते, कात्री चुकल्यासारखी. हिची शेपटी बघा, सफाईदार गोल. आणि घारीच्या पायांवरची पिसांची विजार वरच संपते. हिची थेट पंजापर्यंत आहे."

अधिकाऱ्यांनी दुर्बीण लावली. बराच वेळ बघितलं. "काकू, विजार पंजापर्यंत आहे खरी," ते म्हणाले. "गरुडच आहे." मग त्यांनी मामीच्या हातातली वही मागून वाचली. 'पिल्लू. अंगावर पांढरा कापूस. पंखांचं कापड अजून आलेलं नाही.' ते खो खो हसले, आणि साहेबांना म्हणाले, "कापड आलं नाही म्हणजे उडता येत नाही. पिल्लू उडेपर्यंत घरट्याला हात लावायचा नाही. मी तसं लेखी देतो."

पुढचे दीड महिने मामाचा मुक्काम गच्चीवर, आणि दुकानातला प्रत्येक कपडा उशिरा मिळाला. गिऱ्हाइकं करवादली, पण मामा ढिम्म.

एका सकाळी आम्ही तिघं गच्चीवर असताना पिल्लू घरट्याच्या काठावर आलं, दोनदा कचरलं, आणि सुटलं. आधी झपकन खाली गेलं, मामीने माझा दंड इतका आवळला की वळ उठला, आणि मग ते वर आलं. मामा चक्क रडला. मीही रडलो, लपवायचं कशाला.

मामीने वही उघडली. पिल्लाच्या नोंदीपुढे, 'दिले'च्या रकान्यात तारीख घातली आणि खाली लिहिलं: 'पंख अंगाला बरोबर बसले.'