उजव्या हाताची मूठ

सारिकाचा फोन आला तेव्हा मी तिच्या आईवर रागावलेलो होतो. कमलताई सलग चार रविवार माझ्या नेमबाजीच्या रेंजवर आल्या नव्हत्या आणि आपण होऊन फोन करायचा नाही, असं मी ठरवून टाकलं होतं. गरज त्यांना आहे, येतील... असा माझा ताठा. त्यामुळे फोनवर सारिकाचं नाव दिसल्याबरोबर मी मनात वाक्य तयार केलं, ‘आईला म्हणावं, यायचं तर नियमित या, नाहीतर राहू द्या.’ ते बोलायची वेळ आली नाही. “सर, आई गेली. काल दुपारी,” एवढंच ती म्हणाली. लवळ्याच्या कँटीनमध्ये मुलांची जेवणं उरकली, भांडी घासायला टाकली आणि छातीत कळ आली. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. मी “बरं” म्हणालो. माणूस गेल्याचं ऐकून कुणी “बरं” म्हणतं का? पण मी म्हणालो. त्याला आता दोन महिने होतील.

मी पौडला राहतो. लवळ्याच्या एका कॉलेजात प्रयोगशाळा सहायक म्हणून अख्खी नोकरी काढली. म्हणजे बाटल्या धुतल्या, रसायनं मोजून दिली. शिकवलं कुणालाच नाही. पण स्वतः कॉलेजात शिकत असताना एनसीसीत नेमबाजीची गोडी लागली ती सुटली नाही आणि निवृत्तीनंतर लवळ्याच्या उताराला एक रिकामी शेड मिळाली, पूर्वी तिथे कोंबड्या होत्या, तिच्यात मी दहा मीटरची छोटी रेंज सुरू केली. चार जण शेजारी शेजारी उभे राहतील एवढीच. तेव्हापासून लोक मला सर म्हणायला लागले आणि मीही सरासारखा वागायला लागलो. सल्ला द्यायची मला भारी हौस. कुणी न विचारता द्यायचा आणि घेतला नाही तर तोंड पाडायचं. कमलताई त्याच कॉलेजच्या वसतिगृहाच्या कँटीनमध्ये पोळ्या लाटायच्या आणि वाढायच्या, मीही दुपारी तिथेच जेवायचो. माहेर मेंढरं राखणाऱ्यांचं, सासर नेऱ्याचं. नवरा लवकर गेला, त्यानंतर सारिकाला त्यांनी एकटीने वाढवलं. ती आता हिंजवडीत एका कंपनीच्या ऑफिसात नोकरीला आहे. मी त्यांच्यापेक्षा वयाने मोठा, पण त्यांना ताईच म्हणायचो. ताटात वाढताना त्यांचा दराराच तसा होता.

रविवारी रेंजवर चहा पाठवायची व्यवस्था मी कँटीनशी लावून ठेवली होती. एकदा त्या स्वतःच किटली घेऊन आल्या आणि दारात उभ्या राहून बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “मी मारून बगू का वो सर? बायामाणसाला चालतं का?” मी हसून रेंजचं जुनं, हवेवर चालणारं छऱ्यांचं पिस्तूल त्यांच्यासमोर ठेवलं, नेम कसा धरायचा ते दोन वाक्यांत सांगितलं आणि पाठ फिरवून कपात चहा ओतायला लागलो. तीन वेळा फट् असा आवाज झाला. कागद ओढून घेतला तर तीनही भोकं एकमेकांना चिकटलेली, काळ्या वर्तुळाच्या आत. मी कप खाली ठेवला. “परत मारा बघू,” म्हणून मी या वेळी त्यांच्या शेजारी जाऊन बघत उभा राहिलो. त्यांनी पिस्तूल उजव्या हातात घेतलं आणि पुढचे पाच नेम पाच दिशांना गेले. मी म्हणालो, “पहिले तीन नशिबाने लागले. पण नजर आहे तुमच्याकडे. शिकवतो.” कागदावर इतकं सरळ लिहिलेलं मला वाचता आलं नाही.

त्या दर रविवारी यायला लागल्या. श्वास धरणं, उभं राहणं, घोडा सावकाश दाबणं, सगळं भराभर उचललं. मेंढरांमागे दिवसभर एका जागी उभं राहिलेल्या माणसाला स्थिर कसं राहायचं हे शिकवावं लागत नाही. वर्षभराने त्यांनी स्वतःच विषय काढला, आपलं पिस्तूल घ्यायचं. झालं, मला काय, आयतंच कुरण मिळालं! पंधरा दिवस मी त्यांना पिस्तुलावर व्याख्यानं दिली. स्वस्तातलं, दर वेळी दांडा ओढून हवा भरायचं, ते नको, साठ नेम मारताना खांदा दुखून जातो. फार महागडं परदेशी नको, त्याचा बारीक फरक आपल्याला अजून कळणार नाही. मधल्या किमतीचं, नळकांड्यात हवा भरून ठेवायचं, घोड्याचा ताण कमीजास्त करता येणारं आणि मूठ लाकडी, हाताच्या आकाराची घडवलेली. मूठ हेच खरं, मी सांगायचो, नळी सगळ्यांची सारखीच, मूठ हातात बसली पाहिजे. त्या “व्हय सर” म्हणत ऐकून घ्यायच्या. जे वाक्य मी शंभर वेळा सांगितलं, ते मी एकदाही स्वतः ऐकलं नाही, हे आता लिहिताना लाज वाटते.

पुण्यात दुकानात आम्ही तिघं गेलो, मी, कमलताई आणि सारिका. आधी दोन दुकानं पालथी घातली होती, हे तिसरं. दुकानदाराने काचेवर तीन पिस्तुलं मांडली. मी मधल्यावर बोट ठेवलं. घडवलेली मूठ एकाच हाताची असते, डाव्याची वेगळी आणि उजव्याची वेगळी, म्हणून त्याने कमलताईंकडे बघून सरळ विचारलं, “कुठला हात?” आणि मी उत्तर दिलं, “उजवा.” त्यांनी तोंड उघडायच्या आत. मला स्पष्ट आठवतं, त्या क्षणी त्यांचा डावा हात पदराखालून थोडा वर आला होता, पिस्तुलाच्या दिशेने, आणि तसाच परत आत गेला. मी पाहिलं ते. पदर सावरत असतील असं वाटलं मला. दुकानदाराने पिस्तूल पुढे केलं, ते त्यांनी उजव्या हाताने घेतलं आणि नमस्कारासाठी कपाळाला लावलं. सारिका काहीतरी बोलणार होती, कमलताईंनी तिच्याकडे नुसतं पाहिलं. तेही मी पाहिलं. आणि बाहेर येऊन उसाचा रस पिताना मीच माझी पाठ थोपटत होतो, की बघा, किती नेमकं निवडलं.

पुढची दीड वर्षं ते पिस्तूल त्यांच्या हातात बसलं नाही. सुधारणा व्हायची, पण एका जागी येऊन अडायची. एकदा त्या चाचरत म्हणाल्या, “सर, ह्ये वाईच हातात फिरतंय. बसंना.” मी मुठीची खालची पट्टी वरखाली करून दिली आणि वर ऐकवलं, “चांगल्या वस्तूची सवय व्हायला वेळ लागतो.” पुढे एकदा मूठ बसवायच्या स्क्रूवर ओरखडे दिसले तेव्हा मी खेकसलोच, “घरी उघडून बसता की काय? खेळणं आहे का ते?” त्या म्हणाल्या, “व्हय सर, पुसाया काडली व्हती.” मग स्पर्धा आली. ज्येष्ठ महिलांचा गट, त्यात ठरावीक गुण मिळाले की पुढे राज्याच्या स्पर्धेला जाता येणार होतं आणि तेवढं एकच त्यांना हवं होतं. कँटीनमधल्या बायकांना त्यांनी सांगून ठेवलं होतं, मी आता नेरे सोडून लांब जानार हाय. चार गुणांनी हुकलं. माझा पारा चढला. माझ्या रेंजचं नाव खाली आलं असं मला वाटलं, दुसरं काय! सगळ्यांच्या देखत मी बोलून गेलो, “पिस्तुलात काही खोट नाही ताई, तुमचा हातच ढिला आहे.” त्यांनी पिस्तूल डब्यात ठेवलं, डब्याच्या दोन्ही कड्या नीट लावल्या आणि म्हणाल्या, “तुमी म्हंता तर आसंल, सर.” त्यानंतर त्या आल्या नाहीत. चार रविवार... आणि मी रागावून बसलो.

दहाव्याच्या दुसऱ्या दिवशी मी नेऱ्याला गेलो. एका बाजूला नव्या इमारतींच्या क्रेन आणि त्यांच्या पायथ्याशी त्यांचं दोन खोल्यांचं घर, मागे शेरडांचा गोठा. सारिकाने पाणी दिलं आणि म्हणाली, “सर, पिस्तूल तुमीच घिऊन जावा. मला बगवत न्हाई.” डबा उघडला तर आत लाकडी मूठ सुटी ठेवलेली आणि पिस्तुलाच्या उघड्या लोखंडी दांड्याला जुन्या लुगड्याची पट्टी घट्ट गुंडाळून दोऱ्याने शिवलेली. मला काही कळेना. सारिकाने मला गोठ्यात नेलं. समोरच्या भिंतीला वाळूने भरलेलं पोतं उभं केलेलं, त्याला कागद लावायला खिळे. शेरडं चरायला गेली की आई हितं मारायची, ती म्हणाली, रोज, कामावर जायच्या आधी. रविवारी रेंजवर जाताना मूठ परत बसवून न्यायची. आणि तिने कागदांचा गठ्ठा माझ्या हातात दिला. मी खाली बसलो. एकेका कागदावर दहा दहा भोकं, मधल्या वर्तुळात एकच फाटका खळगा झालेला. इतक्या वर्षांत माझ्या हातून असा कागद निघालेला नाही.

“कुठल्या हाताने?” मी विचारलं. कमलताईंबद्दल हा प्रश्न मी तेव्हा पहिल्यांदा विचारला.

“डाव्या. आई डावरीच व्हती की सर. आजीनं ल्हानपनी उलथन्याचे चटके दिले, तवा वाढायला नि जेवायला उजवा हात शिकली. डाव्या हातानं वाढल्यालं कोन खाईल? पन बाकी समदं डाव्यानंच. गोफन बी डाव्यानंच मारायची.”

“मग दुकानात का नाही सांगितलं? नंतर तरी सांगायचं. नुसती मूठ बदलून मिळते सारिका, महिन्याभरात येते...”

ती शांतपणे म्हणाली, “मी लई मागं लागले सर. स्पर्धेच्या आदी तर भांडले. आई म्हनायची, सर माज्यासाटी तीन दुकानं फिरले. आता हात चुकला म्हनून सांगितलं तर त्यांना किती वाईट वाटंल. आन् सरांम्होरं डावा हात कसा फुडं करायचा...” तिने माझ्यावर आवाज चढवला असता तर मला सोपं गेलं असतं.

मला वाईट वाटू नये म्हणून त्या बाईने आपली स्पर्धा घालवली. हे मी उगाच जड शब्दांत लिहीत नाही, झालं तसंच आहे. रेंजवर नवा माणूस आला की मी पहिल्यांदा त्याचा हात विचारतो, कुठला डोळा जोरकस आहे ते तपासतो. कॉलेजच्या मुलांचं तपासलं, इंजिनियरांचं तपासलं. कमलताईंचं तपासलं नाही, कारण रोज वाढताना त्यांचा उजवा हात माझ्या ताटावर मी बघितलेला होता. वाढणाऱ्या बाईला दुसरा हात असतो हे माझ्या डोक्यातच आलं नाही. लोक समजूत घालतात, तुम्ही चांगल्या मनानेच केलं. असेल. पण ‘हातच ढिला आहे’ हे मी चांगल्या मनाने म्हणालो नव्हतो.

त्या दिवशी घरी आल्यावर मी दुकानात फोन लावला आणि डाव्या हाताची मूठ मागवली. का, ते विचारू नका. दुकानदार म्हणाला, हाताचा आकार कागदावर काढून पाठवा. मी परत नेऱ्याला गेलो. काय हवं ते सारिकाला सांगितलं. तिने वहीचा कागद काढला, स्वतःचा डावा पंजा त्यावर पालथा ठेवला आणि भोवतीने पेन फिरवलं. मग हात उचलून त्या रेघेकडे बघत राहिली. “आईचा आंगटा हितवर व्हता, आखूड,” असं म्हणून तिने अंगठ्याची रेघ खोडून जरा आत ओढली. करंगळी किंचित बाहेर घेतली. आणि तळहाताजवळ, लाटण्यामुळे जाड झालेला भाग होता तिथे, पेन दोनदा फिरवलं.

मूठ मागच्या आठवड्यात आली. मी ती पिस्तुलाला बसवली, स्क्रू पिळला. माझा डावा हात तिच्यात घालून पाहिला. अंगठ्याला जागा पुरत नाही आणि करंगळीशी बोटभर फट राहते.