चाळीस जोड आणि एक चैत्य

“तुमचा देव काय वर नाही. तुम्ही दोघी खालीच थांबा, चपला बघा. माकडं लई आहेत.”

सर हे सगळ्या वर्गासमोर म्हणाले. लेण्याद्रीच्या पायथ्याशी. आमचा इतिहासाचा वर्ग सहलीला आला होता. दोघी म्हणजे मी आणि रूथ. मी बौद्ध, घोडेगावकडची. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली पहिलीच. रूथ ख्रिस्ती, नारायणगावची.

महिनाभर आधी सरांनीच आम्हाला प्रकल्प दिला होता. बौद्ध आणि ख्रिस्ती धर्मांतील साम्य आणि भेद. देताना म्हणाले होते, “साम्य सोपंय. दोघींच्याही पणजोबांनी धर्म बदलला.” वर्ग हसला. मीही हसले. त्याची लाज अजून जात नाही.

मी हळूच म्हणाले, “सर, वर चैत्य आहे. प्रकल्पासाठी बघायचाय.”

“फोटो आणतो तुझ्यासाठी. बस.”

चाळीस जोड आमच्यापुढे पडले. एकाने बूट पायानेच माझ्याकडे सरकवले. “नवीन हायेत, ताई. नीट बघ बरं.”

मागून कोणीतरी बोललं, “त्यांना सवय असंल, राव.”

ते चढून गेले. आम्ही बसलो. माकड आलं की रूथ काठी आपटायची.

“येशूने शिष्यांचे पाय धुतले होते,” ती म्हणाली. “त्यापुढे हे काय?”

मी म्हणाले, “त्याने आपणहून धुतले गं. आपल्याला बसवलंय.”

“मग बुद्धाने काय केलं असतं?”

विहारात ऐकलेली गोष्ट मी सांगितली. एक माणूस बुद्धाला शिव्या देतो. बुद्ध विचारतो, पाहुण्याने तुझं जेवण घेतलंच नाही, तर ते कोणाचं राहतं? माझंच, तो म्हणतो. मग या शिव्याही तुझ्याच. मी घेतल्या नाहीत.

“म्हणजे माफ करायचं नाही?”

“ते मला माहीत नाही. पण घ्यायचं नाही.”

बोलले आणि उठले. “चल.”

रूथ उठली नाही. “मार्क सरांच्या हातात आहेत. आणि मी माफबिफ करत नाहीये. मला भीती वाटते. उगाच येशूचं नाव कशाला घेऊ?”

इतकं खरं माझ्याशी कोणी बोललं नव्हतं. तरी मी तिला एकटीला टाकून गेले.

चैत्यात गारवा होता. मी स्तूपासमोर उभी होते तेव्हा सर आले.

“तू वर कशी?”

“मी चपलांपाशी बसणार नाही, सर.”

“लई अक्कल आली. खाली जा. नाहीतर मार्क विसर.”

गेले नाही. त्या गोष्टीतल्या बुद्धाला राग आला नव्हता. मला आला होता. तो मी लपवणार नाही.

प्रकल्पाला मला शून्य मिळालं. रूथ पास झाली. आता ती माझ्याशी बोलत नाही. सर म्हणतात, माफी लिहून दे, मार्क देतो.

घरी वडील म्हणाले, “दे लिहून. आमी जल्मभर मागितली. तुला एकदा जड व्हतंय?”

त्यांच्याकडे बघवलं नाही. पण माफी लिहिणार नाही. प्रकल्प पुन्हा लिहिलाय. साम्याच्या पानावर लिहिलं, दोघींचे पणजोबा माणूस म्हणून जगायला बाहेर पडले. भेदाच्या पानावर पायथ्याशी झालेलं बोलणं जसंच्या तसं आहे, सरांच्या नावासकट. सोमवारी देणार. नापास केलं तर पुढच्या वर्षी हाच देणार. एक अक्षर बदलणार नाही.