वारा कुठून येतो

माझ्या थोरल्या नणंदबाई वेधशाळेत फुगे सोडतात. एकोणतीस वर्षं. वसाहतीतली पोरं त्यांना फुगेवाली म्हणतात, पण पाठीमागे, कारण वन्संच्या तोंडाला लागायची कुणाची टाप नाही. मीही त्याच वेधशाळेत नोंदी लिहिते. घरी नणंद, कामावर वरिष्ठ, म्हणजे माझी सुटका कुठेच नाही.

फुगा माणसापेक्षा उंच. त्यात हायड्रोजन भरायचा, खाली यंत्राचा डबा बांधायचा आणि ठरल्या वेळी सोडायचा. जगभर शेकडो ठिकाणी त्याच सुमारास असे फुगे सुटतात. वरचे वारे कळतात ते बरेचसे असे. विमानंही वाटेतला वारा कळवतात, पण आमच्या समुद्रावर विमानं फिरकतात किती? आमचे हे वैमानिक. सरावासाठी त्यांना नकली विमानात बसवतात ना, त्यातले वारेसुद्धा असल्याच नोंदींवरून घेतलेले. वन्सं भावाला चिडवायच्या, "खुर्चीत बसल्या बसल्या घाबरलास ना, तो वारा मी पाठवला होता."

हायड्रोजनला ठिणगीचं निमित्त पुरतं. म्हणून भरायच्या खोलीत सुतीच कपडे. नवीन असताना मी एकदा नायलॉनची साडी नेसून गेले, तर वन्संनी सगळ्यांदेखत माझी अशी खरडपट्टी काढली की त्यानंतर त्यांच्या कामात मी कधी तोंड उघडलं नाही.

त्या सकाळी फुग्याचे संदेश पकडणारं यंत्र बंद पडलं. मग जुनी पद्धत. तिवईवरच्या दुर्बिणीला डोळा लावून वन्सं दर मिनिटाला कोन सांगणार, मी लिहिणार. त्यावरून फुगा कुठे चाललाय ते कळतं. नोंदीत मात्र वारा कुठे जातो ते लिहायचं नसतं, कुठून येतो ते लिहायचं. म्हणजे शेवटी दिशा उलटी करून घ्यायची. दोन वर्षांत या पद्धतीला कुणी हात लावला नव्हता, त्यात नेमका गणित चालू असताना दुरुस्तीवाल्याचा फोन आला. वन्सं त्याच्यावर डाफरल्या, परत येऊन बसल्या, आणि दिशा उलटी करायची राहूनच गेली. पूर्वेचा वारा, जोराचा, असा कागद त्यांनी माझ्या हातात दिला.

फुगा माझ्या डोळ्यांदेखत पूर्वेला, पाण्याच्या टाकीवरून गेला होता. म्हणजे वारा पश्चिमेचा. माझा हात थांबला. मग म्हटलं, जाऊ दे बाई, एवढी वर्षं करताहेत त्या, आपण कशाला शहाणपणा शिकवा? दिलं पाठवून.

तीन तासांनी चहाचा कप तोंडाशी नेता नेता वन्सं थांबल्या.

"फुगा टाकीवरून गेला ना गं?"

आमचे हे तासाभरापूर्वी औषधांची खोकी घेऊन पश्चिमेच्या बेटाकडे निघाले होते. वारा पाठीशी आहे या भरवशावर इंधन कमी, खोकी जास्त. आणि वारा होता समोरून. खाली नुसता समुद्र.

वन्संनी अंदाज कार्यालयाला फोन लावला. दोनदा आकडे चुकले, शेवटी ते मीच दाबले. तिथल्या साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, संगणकाने तुमच्या नोंदीवर लाल खूण केली होती, आजूबाजूच्या कुणाशी जुळत नव्हती. पण बाईंची नोंद कधी चुकत नाही, म्हणून मीच ती खूण काढून पुढे पाठवली.

विमानतळावर विचारलं, तर विमान रेडिओच्या टप्प्याबाहेर. बेटावर अजून काही ऐकू आलेलं नाही. मला रडूसुद्धा येईना. डोक्यात एकच चालू होतं: कळत होतं तुला, कळत होतं. वन्सं शेजारी बसून कागदावर तेच गणित पुन्हा पुन्हा करत होत्या. पश्चिम, पश्चिम, पश्चिम. त्या बाईला घाबरलेलं मी पहिल्यांदाच बघत होते, आणि त्याने माझा उरलासुरला धीरही गेला.

चाळीस मिनिटांनी विमानतळावरून फोन आला. विमान अर्ध्या वाटेतून परत फिरलंय, बोलणं झालंय.

आम्ही धावपट्टीच्या कुंपणाशी जाऊन उभ्या राहिलो. हे उतरले, चालत आले. ओठ पांढरे पडले होते. म्हणाले, वेग निम्म्यावर आलेला केव्हाच दिसला होता. तेव्हाच वळायला हवं होतं. पण ताईचा आकडा आहे, पुढे वारा बदलेल, असं म्हणत वीस मिनिटं तसाच गेलो. आणखी दहा गेलो असतो, तर परतीपुरतं उरलं नसतं.

वन्संनी भावाचा दंड घट्ट धरला. चूक माझी, एकटीची, म्हणाल्या. मला ते ऐकवेना.

"एकटीची नाही, वन्सं. फुगा पूर्वेला गेलेला मला पाठवतानाच आठवत होता."

भावाचा दंड सोडून त्या माझ्याकडे वळल्या. मला वाटलं, आता संपलं माझं. पण आवाज अगदी खाली आला होता.

"नवरा जाणार होता तुझा. तरी बोलली नाहीस? इतकी घाबरतेस मला?"

मी म्हटलं, "हो."